वास्तुविशारदांच्या कार्याचा शोध : आंतरजालावरील काही साधने

एखादी इमारत कोणी बांधली, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. परंतु आराखडा काढणारा, त्यात फेरबदल करणारा आणि जागेवर उभे राहून काम करवून घेणारा या पुष्कळदा तीन भिन्न व्यक्ती असतात. श्रेय मात्र बहुधा एकाच्याच पदरी पडते. आंतरजालावर उपलब्ध असलेली साधने वापरताना हा भेद सतत ध्यानी ठेवावा लागतो.

मुंबईच्या अभ्यासकास एक अत्यंत उपयुक्त कोश स्कॉटलंडमध्ये सिद्ध झाला आहे, याचे प्रथमदर्शनी नवल वाटेल. जनरल पोस्ट ऑफिसचे (१९१३) जॉन बेग आणि गेटवे ऑफ इंडियाचे (१९२४) जॉर्ज विटेट हे दोघेही जन्माने स्कॉटिश. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तयार होऊन २००६ साली खुल्या झालेल्या ‘डिक्शनरी ऑफ स्कॉटिश आर्किटेक्ट्स’ या कोशात त्यांच्या स्वतंत्र नोंदी आहेत. वास्तुविशारदाने कोणाच्या हाताखाली उमेदवारी केली, त्याच्या कचेरीत कोण कोण होते, व्यावसायिक संस्थेच्या सभासदत्वासाठी त्याचे नाव कोणी सुचविले, असा तपशील या कोशात मिळतो. विटेट १९०४ मध्ये बेग यांचे साहाय्यक म्हणून मुंबईस आले, ही गोष्ट एकदा समोर आली म्हणजे पोस्ट ऑफिसच्या बांधकामात साहाय्यकाचा वाटा किती, हा प्रश्न टाळता येत नाही. मात्र स्कॉटलंडबाहेरील कामांची यादी परिपूर्ण समजून चालू नये.

कोशातील विधान समकालीन छापील पुराव्याशी ताडून पाहावे. ‘द बिल्डर’ या १८४३ पासूनच्या लंडनच्या नियतकालिकाचे अनेक खंड आणि मुंबई शहर व बेटाचे गॅझेटियर (१९०९-१०) इंटरनेट आर्काइव्हवर वाचावयास मिळतात. तेथे शोध घेताना इमारतींची जुनी नावेच वापरावी लागतात. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तेथे ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ याच नावाने सापडेल. शिवाय जुनी छपाई वाचताना यंत्र अक्षरे चुकविते, ते निराळेच.

परंतु या साधनांची खरी उणीव राजाबाई टॉवरच्या (१८७८) बाबतीत प्रकट होते. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. ते हिंदुस्थानात कधीही आले नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या ज्या मूर्ती दिसतात, त्यांचे नमुने जागेवरील असिस्टंट इंजिनियर रावबहादूर मकुंद रामचंद्र यांनी घडविले. स्कॉट यांच्यावरील नोंदी विपुल आहेत. मकुंद रामचंद्र हे सरकारी बांधकाम खात्याचे नोकर. वास्तुविशारदांच्या नावांवर रचलेल्या कोशात त्यांना घर कोठून मिळणार? त्यांचा माग जुन्या मुंबईवर्णनांतून आणि खात्याच्या अहवालांतूनच काढावा लागतो. त्यासाठी शोध इमारतीच्या नावाने सुरू करावा. नंतर हुद्द्याने, आणि ‘मकुंद’ व ‘मुकुंद’ या दोन्ही इंग्रजी वर्णलेखनांनी तो पुन्हा घ्यावा.