आवारात आढळणारे निसटलेले पाळीव सरीसृप

घरात पाळलेला सरपटणारा प्राणी काचपेटीतून, पिंजऱ्यातून किंवा हौदातून निसटून त्याच घराच्या अथवा शेजाऱ्याच्या आवारात आढळण्याचे प्रसंग अलीकडे वारंवार घडू लागले आहेत. भारतात ते प्रामुख्याने कासवांच्या बाबतीत घडतात. हिरवा इग्वाना, बॉल अजगर, शॅमेलिऑन यांसारखे परदेशी सरीसृप पाळण्याचा छंद मुख्यत्वे महानगरांतला असला, तरी शहरात राहणारी मुले सुटीत गावी येताना असे प्राणी सोबत आणतात आणि मग ते गावच्या परसात हरवतात. प्राणी सापडलेल्या व्यक्तीपुढे पहिला प्रश्न ओळखीचा असतो: हा खरोखरच कोणाचा पाळीव प्राणी आहे, की रानातून आलेला? उत्तर चुकले तर माणसाचा हात घोणशीवर पडू शकतो, किंवा जमिनीवर राहणारे कासव दयाबुद्धीने विहिरीत सोडले जाऊन बुडून मरते.

सांगली जिल्ह्याच्या उत्तर भागातील कडेगाव तालुक्याच्या संदर्भात हा विषय विशेष स्पष्ट होतो. येरळा नदीच्या खोऱ्यातील हा मुलूख मूळचा अवर्षणप्रवण. ताकारी आणि टेंभू उपसा सिंचन योजनांचे पाणी आल्यावर माळरानाला लागूनच उसाचे फड उभे राहिले. कडेगाव, पलूस व वाळवा या तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वर हे मानवनिर्मित अभयारण्य आहे. त्यामुळे गावाकडच्या आवारात घोरपड, धामण, नाग, घोणस, सरडे यांचा वावर नवलाचा नाही. मुंबईच्या सदनिकेत सापडलेला मोठा सरडा बहुधा कोणाचा तरी पाळीव असतो. कडेगावच्या परसात सापडलेला तसा प्राणी बहुधा रानचा असतो. शोध आणि सुटका यांविषयी परदेशी पुस्तकांतून मिळणारा सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचे कारण हेच.

रानचा की पाळलेला

कासवांच्या बाबतीत पाय आणि पाठ पाहिली की बराचसा उलगडा होतो. तारा कासवाची पाठ घुमटाकार असते व काळसर कवचावर प्रत्येक खवल्याच्या मध्यातून पिवळ्या रेषा ताऱ्याच्या किरणांसारख्या फाकलेल्या असतात. पाय हत्तीच्या पायांसारखे खांबट. बोटांमध्ये पडदा नसतो. ही जात गुजरात, राजस्थान व सिंध, दक्षिणेत तमिळनाडू, आंध्र प्रदेश व कर्नाटकाचा काही भाग, तसेच श्रीलंका येथील कोरड्या झुडपी रानांत आढळते. कडेगावच्या आवारात तारा कासव दिसले, तर ते कोणीतरी विकत आणलेले व निसटलेले किंवा सोडून दिलेले आहे असे मानण्यास हरकत नाही. या कासवाला पोहता येत नाही. 'कासव म्हणजे पाण्यातला जीव' या समजुतीपोटी ते आडात किंवा शेततळ्यात टाकले जाते आणि तिथेच त्याचा अंत होतो.

लाल कानाचे कासव हे दुसरे. डोळ्यामागे लाल पट्टा, अंगावर हिरव्या-पिवळ्या रेषा, बोटांमध्ये पडदे. हे मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. मत्स्यालयांच्या दुकानांत नाण्यापेक्षा थोडी मोठी पिल्ले विकली जातात. विकत घेणाऱ्याला ती आयुष्यभर तेवढीच राहतील असे वाटते. प्रत्यक्षात हे कासव २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते व नीट सांभाळल्यास वीस-तीस वर्षे जगते.

तिसरे कासव मात्र येथलेच आहे. मऊ कातड्यासारख्या कवचाचे, नळीसारखे नाक असलेले, मागचे पाय आत घेतल्यावर वरून झडपा मिटणारे असे मृदुकवची कासव विहिरी, तळी, ओढे व कालव्यांत राहते. पावसाळ्यात ते पाण्याबाहेर पडून बरेच अंतर चालते, उन्हाळ्यात चिखलात गाडून घेऊन पडून राहते. पहिल्या पावसानंतर अंगणात आलेले असे कासव 'कोणाचे तरी हरवले' म्हणून बादलीत ठेवणे चुकीचे आहे. ते आपल्या वाटेने निघालेले असते. त्याची वाट अडवू नये.

पालीच्या कुळातील मोठा प्राणी दिसला, तर जीभ पाहावी. घोरपडीची जीभ लांब, सापासारखी दुभंगलेली असते व ती सतत आत-बाहेर होत असते. पाठ सपाट व रंग मातकट. इग्वानाच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत मऊ काट्यांची झालर असते, गळ्याखाली पोळी लोंबते व कानाखाली गालावर एक मोठा गोल खवला उठून दिसतो. तो पाला खातो, घोरपड मांस व अंडी खाते. कोंबड्यांच्या खुराड्याभोवती फिरणारा प्राणी इग्वाना नव्हे.

सर्वांत धोक्याची चूक सापांच्या बाबतीत होते. बॉल अजगर हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील आखूड, जाडसर, बिनविषारी साप. घाबरला की डोके मधोमध लपवून अंगाचा चेंडू करतो. आपल्याकडील घोणसही जाडसर असून तिच्यावरही तपकिरी ठिपके असतात. मात्र घोणशीचे ठिपके अंडाकृती असून साखळीसारखे तीन ओळींत मांडलेले असतात, डोके त्रिकोणी व मानेपासून वेगळे दिसते, खवले खरखरीत असतात आणि डिवचल्यास ती प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फुत्कार टाकते. त्यात पुन्हा दुरक्या घोणस नावाचा बिनविषारी साप हुबेहूब घोणशीसारखा भासतो. जाणकारसुद्धा संधिप्रकाशात फसतात, तेव्हा सापाची ओळख हाती घेऊन पटवण्याच्या फंदात पडू नये. जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीमुळे या भागाला सापांची धास्ती कमी, असे म्हटले जाते. तेथील नागांची प्रकट मिरवणूक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर थांबली. पण साप हाताळण्याचे ते पिढीजात कौशल्यही नागापुरते होते आणि घोणस नागासारखी फणा काढून इशारा देत नाही.

शोध घेण्याची रीत

सरीसृपांच्या शरीरात स्वतःची ऊब निर्माण होत नाही. ती त्यांना ऊन, तापलेला दगड, भिंत यांपासून घ्यावी लागते. निसटलेल्या प्राण्याचा माग काढताना हे एक तत्त्व ध्यानात ठेवले की शोध अर्धा सोपा होतो. बाहेर पडलेला प्राणी सहसा लगेच दूर जात नाही. तो प्रथम जवळचा अंधारा, अरुंद आसरा गाठतो आणि ऊब लागेपर्यंत तिथेच दबून राहतो. म्हणून पहिला शोध घरातच घ्यावा: फ्रीजच्या मागची उबदार जागा, कपाटाचा तळ, अंथरुणांची वळकटी, धुण्याचे यंत्र. तेथे न मिळाल्यास परसाकडे वळावे. सरपणाचा ढीग, कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा उडवा, पालथी घातलेली पाटी, हौदाचा आडोसा, गोठ्याची गव्हाण, रचलेल्या दगडांचा बांध या लपण्याच्या नेहमीच्या जागा. याच जागा घोणस व मण्यारीच्याही आहेत. हात घालण्यापूर्वी काठीने हलवावे, पायांत बूट असावेत, गंजी वरून खाली उतरवावी.

वेळ निवडणे महत्त्वाचे असते. हिवाळ्यात सकाळी ऊन चढू लागल्यावर, साधारण आठ ते दहाच्या दरम्यान, पूर्वेकडील भिंत, पायरी, पत्रा, झाडाची उघडी फांदी पाहावी. इग्वाना उन्हात अंग शेकण्यासाठी याच वेळी बाहेर येतो. पौषातल्या पहाटे गारठून पडलेला इग्वाना मेल्यासारखा ताठ दिसतो. त्याला मेला समजून टाकून देण्यापूर्वी सावकाश ऊब द्यावी. उलट शॅमेलिऑनचा शोध रात्री सोपा जातो: तो फांदीच्या टोकाशी झोपतो आणि बॅटरीच्या प्रकाशात त्याचे अंग फिकट, पानांहून वेगळे दिसते. साप कोणत्या खोलीत आहे हे कळत नसेल, तर रात्री उंबरठ्याशी राखेचा किंवा पिठाचा पातळ थर पसरून ठेवतात. सकाळी त्यावर सरपटल्याची नागमोडी खूण मिळते.

तारा कासवाची चाल ठरलेली असते. ते कुंपणाच्या किंवा भिंतीच्या कडेकडेने चालत जाते व कोपऱ्यात अडकून पडते. सकाळी, सायंकाळी आणि पावसाची सर येऊन गेल्यावर ते हिंडते. भर दुपारी झुडपाखाली किंवा गवतात दडून राहते. कडेकोपरे दिवसातून दोनदा पाहणे हे सारे आवार उलटेपालटे करण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते. आवारापलीकडे उसाचा फड असेल, तर मात्र एकदा आत गेलेला प्राणी तोडणीपर्यंत दृष्टीस पडण्याची आशा थोडीच.

सापडल्यानंतर

साप असल्यास सुरक्षित अंतरावरून नजर ठेवावी, मुले व जनावरे दूर करावीत आणि वन विभागास कळवावे. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक यासाठीच आहे. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातही वर्दी देता येते. दंश झाल्यास चिरा देणे, चोखणे, आवळून बांधणे टाळून रुग्णास हालचाल न करू देता रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर काम करते.

कासवाला हवेशीर खोक्यात किंवा पाटीत सावलीला ठेवावे. तारा कासवाला गवत, पालेभाजी चालते. दूध, भात, चपाती देऊ नये. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सरीसृपांच्या अंगावर साल्मोनेला हे जंतू असू शकतात. लहान मुले कासवाची पिल्ले तोंडात घालत असल्याने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून कमी लांबीच्या कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे.

सापडलेल्या प्राण्याचे छायाचित्र गावच्या समाजमाध्यमी गटांवर लगोलग टाकण्याची हौस आवरलेली बरी. 'वीस नखी' कासवाच्या साह्याने पैशांचा पाऊस पाडता येतो, मांडुळाला लाखो रुपयांचा भाव आहे, अशा भूलथापांवर महाराष्ट्रात फसवणुकीचे व तस्करीचे अनेक गुन्हे नोंदवले गेले आहेत. अशा बातमीमागे मालकापेक्षा गिऱ्हाईक आधी येते. वस्तुतः मृदुकवची कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखे असतात. देवळासमोरच्या दगडी कासवाला हात लावून आत जाण्याचा आपला संस्कार जुना आहे. मात्र घरात जिवंत कासव ठेवल्याने लक्ष्मी नांदते, ही समजूत प्राणिविक्रेत्यांच्या सोयीची आहे.

कायद्याची बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. घोरपड, भारतीय अजगर, मृदुकवची कासव आणि तारा कासव हे सर्व अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांना पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा असून तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. तारा कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टान्वये बंदी आहे. त्यामुळे हरवलेल्या तारा कासवाचा 'मालक' पुढे येण्यास कचरतो आणि सापडलेल्याने ते मायेने ठेवून घेतले, तर तोही त्याच कलमाखाली येतो. वन विभागाच्या ताब्यात देणे हाच मोकळा मार्ग उरतो.

हिरवा इग्वाना व बॉल अजगर हे 'साइट्स'च्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने ते बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल, तर सापडलेला प्राणी मालकाकडे परत जाण्यास आधार मिळतो.

लाल कानाच्या कासवाची अडचण वेगळी आहे. ते दुकानांत उघडपणे विकले जाते आणि कंटाळा आला की देवळाच्या तळ्यात किंवा नदीत सोडले जाते. मुंबई-पुण्याच्या तलावांत ते आढळले आहे. जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश असून युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. ते मासे, बेडकांची पिल्ले, पाणवनस्पती असे सारे काही खाते व ऊन खाण्याच्या जागांवरून देशी कासवांना हुसकावते. आवारात सापडलेले असे कासव ओढ्यात, कालव्यात किंवा येरळेत सोडू नये. मालक न मिळाल्यास ते खोलगट टबात, पोहण्यापुरते पाणी आणि वर येऊन बसण्यास कोरडा दगड देऊन ठेवावे व वन विभागाला किंवा प्राणी-निवारा केंद्राला विचारून पुढची व्यवस्था करावी.