बटर बिस्किटात लोणी किती?

गेल्या वर्षी एका माध्यमिक शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमाला गेले होते. चहाबरोबर बशीत बटर बिस्किटे आली. आठवीतल्या एका मुलीने बशीकडे बोट दाखवून विचारले, “मॅडम, यात बटर खरंच असतं का?” सगळे हसले, मीही हसले आणि “असतं की” म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळले. उत्तर चूक नव्हते, पण तिने लगेच ‘किती?’ असे विचारले असते तर मला सांगता आले नसते. म्हणून परत जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पाकीट घेतले आणि त्यावरचा मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला.

घटकद्रव्यांची यादी अशी होती : मैदा, साखर, रिफाइंड पाम तेल, लोणी (३ टक्के), दुधाची भुकटी, इन्व्हर्ट सिरप, खमीरद्रव्ये, मीठ, पायसकारक आणि शेवटी लोण्याचा कृत्रिम स्वाद. आपल्याकडच्या नियमांनुसार या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. ज्या घटकाचा पाकिटावर खास गाजावाजा केला असेल, त्याचे शेकडा प्रमाणही द्यावे लागते. पाकिटाच्या दर्शनी भागावर लोण्याची पिवळीधमक वडी आहे, म्हणूनच मागे तो ३ चा आकडा छापावा लागला आहे.

आता थोडे गणित करू. या पाकिटावर १०० ग्रॅम बिस्किटांत २२ ग्रॅम मेद असल्याचे लिहिले आहे. लोणी म्हणजे निव्वळ मेद नव्हे. बाजारी लोण्यात किमान ८० टक्के दुधातील मेद असावा आणि पाणी १६ टक्क्यांहून जास्त नसावे, असा दंडक आहे. तेव्हा ३ ग्रॅम लोण्यातून मिळणारा मेद ३ × ०.८ म्हणजे २.४ ग्रॅम. एकूण २२ ग्रॅमांपैकी २.४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम नववा हिस्सा. मैद्यातून आणि दूधभुकटीतून येणारा मेद अगदी थोडा. उरलेला सुमारे १९ ग्रॅम मेद पाम तेलाचा. (यादीतले प्रमाण भाजण्यापूर्वीच्या मिश्रणाचे असते. भट्टीत पाणी उडून गेल्यावर लोण्याचा आकडा किंचित वाढेल, पण चित्र बदलणार नाही.)

मग बिस्किटाला लोण्याचा एवढा वास कसा येतो? लोण्याच्या वासात मोठा वाटा डायअ‍ॅसिटिल नावाच्या एका साध्या रेणूचा असतो. विरजणातले काही जिवाणू तो तयार करतात. दही घुसळून काढलेल्या घरच्या लोण्याला जो वास असतो तो बराचसा यामुळेच. हाच रेणू कारखान्यातही बनवता येतो आणि त्याची अत्यल्प मात्रा पुरते. नाक हे लोण्याचे प्रमाण मोजण्याचे साधन म्हणून मुळीच भरवशाचे नाही.

पाम तेल वापरण्यामागे स्वस्ताई हे कारण आहेच, पण ते एकच नाही. पीठ मळताना मैद्यातली प्रथिने पाण्याच्या संपर्कात येऊन ग्लुटेनचे चिवट जाळे तयार करतात. पोळीला ते हवे, बिस्किटाला नको. मेद पिठाच्या कणांभोवती लेप देतो आणि हे जाळे होऊ देत नाही. नानकटाईचे मोहन हेच काम करते. यासाठी नेहमीच्या तापमानाला घट्टसर राहणारा मेद लागतो. लोणी आपल्या उन्हाळ्यात वितळते. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल तर पातळच. पाम तेलात जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असल्याने ते मुळातच अर्धघट्ट असते आणि लवकर खवटही होत नाही.

पूर्वी या जागी वनस्पती तूप असे. ते बनवताना पातळ तेलावर हायड्रोजनची अर्धवट प्रक्रिया करत आणि त्यात ट्रान्स मेदाम्ले तयार होत. ही मेदाम्ले रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले घटवतात, म्हणजे हृदयाला दुहेरी अपाय. १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यपदार्थांतील तेल-तुपाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त औद्योगिक ट्रान्स मेद असण्यास बंदी आहे. त्या दृष्टीने आजचे पाकीट पूर्वीपेक्षा बरे आहे, हे मान्य केले पाहिजे.

इथवर वाचून ‘म्हणजे खरे लोणी घातलेले बिस्किट पौष्टिक’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मलाही झाला होता. घरी बटर बिस्किटे करण्याचे एक जुने प्रमाण आहे : साखर एक भाग, लोणी दोन भाग, मैदा तीन भाग. यात सगळा मेद लोण्याचा. पण हिशेब केला तर भाजलेल्या १०० ग्रॅम बिस्किटांत सुमारे ३० ग्रॅम मेद येतो आणि त्यातला १८ ग्रॅमच्या आसपास संपृक्त, कारण लोण्याच्या मेदात संपृक्त भाग पाम तेलाहूनही जास्त असतो. पाकिटावर संपृक्त मेद ११ ग्रॅम आहे. अर्थात नावाशी प्रामाणिक कोणते आणि प्रकृतीला बरे कोणते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घरचे बिस्किट पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण होते, दुसरीत नाही. चवीत मात्र ते निर्विवाद सरस!

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न डब्याचा आहे. ‘दूध-लोण्याचे आहे, पोटाला आधार होईल’ या समजुतीने मधल्या सुट्टीच्या डब्यात ही बिस्किटे दिली जातात. पाकिटावर एका वेळचा वाटा २५ ग्रॅम, म्हणजे तीन बिस्किटे, असा धरलेला असतो. तीन बिस्किटांवर थांबणारे मूल मी पाहिलेले नाही. सहा धरू, म्हणजे ५० ग्रॅम. त्यातून सुमारे २४६ किलोकॅलरी, ११ ग्रॅम मेद, त्यात ५.५ ग्रॅम संपृक्त, १२ ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅमांहून थोडी जास्त प्रथिने मिळतात. पाकिटावरची टक्केवारी प्रौढाच्या २००० किलोकॅलरी आहारासाठी असते. त्यात दिवसभराचा संपृक्त मेद २२ ग्रॅम धरलेला आहे. म्हणजे मोठ्या माणसाचा पाव दिवसाचा वाटा सहा बिस्किटांत संपला. सात-आठ वर्षांच्या मुलाची गरज याहून कमी.

तुलनेसाठी मूठभर, म्हणजे २५ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे घ्या. मेद जवळपास तेवढाच, १२ ग्रॅम, पण त्यातला संपृक्त २ ग्रॅमांच्या आत, आणि प्रथिने ६ ग्रॅमांहून अधिक. नुसता ‘मेद’ हा आकडा पाहून पदार्थाला नावे ठेवू नयेत, ते यासाठी.

यादीतल्या खमीरद्रव्यांत एक मजेदार नाव असते, अमोनियम बायकार्बोनेट. उष्णतेने त्याचे अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ असे पूर्ण विघटन होते, मागे काहीच उरत नाही. पातळ, कोरड्या बिस्किटातून अमोनिया निघून जातो. केकसारख्या जाड, ओलसर पदार्थात तो अडकून राहील, म्हणून तिथे खायचा सोडा. दहावीच्या वर्गात विघटन अभिक्रिया शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

वर्गासाठी उपक्रम करायचा तर मुलांना रिकामी वेष्टने आणायला सांगा. केवळ ‘बटर’ची नकोत, काजू, बदाम, दूध, मध अशी नावे असलेलीही आणू द्या. दर्शनी चित्रातला पदार्थ यादीत कितव्या क्रमांकावर आहे आणि किती टक्के आहे, याचा फळ्यावर तक्ता करा. अक्षरे फार बारीक असतात, तेव्हा प्रयोगशाळेतली भिंगे बाहेर काढावी लागतील. बेकरीत बरणीतून सुटी मिळणारी बिस्किटे या तक्त्यात बसणार नाहीत, कारण त्यांच्यावर यादीच नसते. बिस्किट कुस्करून कागदावर ठेवले आणि दिव्याखाली थोडे गरम केले तर तेलकट डाग किती पसरतो ते दिसते, पण तो लोण्याचा की पाम तेलाचा हे डाग सांगत नाही. तिथे बेकरीवाल्यालाच विचारावे लागते. मी विचारले तेव्हा त्याने मागच्या बाजूला ठेवलेला मार्जरीनचा खोका सरळ दाखवला.