लिनक्सवर चित्र दिसते, पण आवाज नाही? टीव्ही, स्पीकर बदलण्याआधी हे तपासा

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यानंतर जुना संगणक मोडीत न काढता त्यावर लिनक्स टाकण्याचा मार्ग अनेकांनी धरला. मात्र एचडीएमआय केबलने टीव्ही जोडला, की चित्र येते आणि आवाज येत नाही, असा अनुभव येऊ शकतो. अशा वेळी अनेकदा दोष यंत्रात नसतो, सेटिंगमध्ये असतो.

असे का होते?
एका संगणकात अनेकदा दोन साउंड कार्ड असतात. हेडफोनचा आवाज मदरबोर्डवरील चिपमधून येतो, तर एचडीएमआयचा आवाज ग्राफिक्स कार्डमार्फत जातो. लिनक्सने पहिले कार्ड निवडले, तर टीव्ही मुका राहतो.

काय तपासाल?

1. आउटपुट : सेटिंग्जमधील 'साउंड' विभागात आउटपुट म्हणून एचडीएमआय निवडा. पर्यायच दिसत नसेल, तर टीव्ही सुरू आहे ना, ते पाहा. आवाज घेता येतो, हे टीव्हीने कळवल्यावरच तो पर्याय सहसा उपलब्ध होतो.

2. प्रोफाइल : 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हे मोफत अॅप टाका. त्यातील 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये कार्ड 'ऑफ' असेल, तर 'डिजिटल स्टिरिओ' निवडा. नव्या लिनक्समध्ये पल्सऑडिओऐवजी पाइपवायर असते. त्यावरही हे अॅप चालते.

3. म्यूट : टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' सुरू करा. एफ6 दाबून कार्ड निवडा. 'एस/पीडीआयएफ' या पट्टीखाली 'एमएम' दिसत असेल, तर ते आउटपुट म्यूट आहे. 'एम' कळ दाबताच तेथे 'ओओ' दिसेल.

4. ऑप्टिकल केबल : संगणकाला जोडलेल्या केबलचे दुसरे टोक कागदावर धरा. लाल ठिपका दिसला नाही, तर आउटपुट बंद आहे किंवा केबल खराब आहे. डोळा लावून आत पाहू नका.

फक्त दोनच स्पीकर वाजतात?
ऑप्टिकल केबलमधून साधा, म्हणजे पीसीएम आवाज दोनच चॅनेलचा जातो. 5.1 आवाज हवा असेल, तर तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस स्वरूपात पाठवावा लागतो आणि रिसीव्हरला तो उलगडता यावा लागतो. गाण्याचा पहिला क्षण कापला जात असेल, तरी घाबरू नका. शांततेत कार्ड वीज वाचवण्यासाठी झोपी जाते; जागे होऊन टीव्हीशी जुळायला त्याला थोडा वेळ लागतो.

शेवटची कसोटी
तीच केबल आणि तोच टीव्ही दुसऱ्या उपकरणाला जोडून पाहा. तेथे आवाज आला, तर दोष संगणकाकडे आहे. मग पेन ड्राइव्हवरून दुसरे लिनक्स सुरू करा. त्यावर आवाज आला, तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि नव्या खरेदीचा खर्च वाचला.