हात तिचा, निर्णय तुमचा

जर्मनीचा शेवटचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा. त्याचे जुने फोटो कधी नीट बघा. डावा हात तलवारीच्या मुठीवर टेकवलेला, नाहीतर त्यात हातमोजे धरलेले. १८५९ साली पायाळू जन्मताना या हाताच्या नसांना इजा झाली आणि तो कायमचा आखूड, कमजोर राहिला. त्या काळात उपाय काय? विजेचे झटके आणि नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबेत हात ठेवणं! नसा जोडणारं ऑपरेशन तेव्हा नव्हतंच.

आज ते आहे. आणि तरुण आई-बाबांचं खरं टेन्शन तिथूनच सुरू होतं. करायचं की थांबायचं?

आधी प्रॉब्लेम समजून घ्या

मानेतून हाताकडे जाणाऱ्या पाच मुख्य नसांच्या जाळ्याला म्हणतात ब्रेकियल प्लेक्सस. बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला की मान आणि खांद्यामधल्या या नसा ताणल्या जातात. हजार बाळंतपणांत साधारण एखाद-दुसऱ्या बाळाला हा त्रास होतो. नस नुसती ताणली असेल तर ती आपली आपण सुधारते, आणि बऱ्याच बाळांचं तसंच होतं. पण ती तुटली किंवा मणक्यातून मुळासकट उपटली गेली असेल, तर वाट बघून ती जुळत नाही. गोची ही, की पहिल्या आठवड्यात दोन्ही बाळांचे हात सारखेच लुळे दिसतात. म्हणूनच डॉक्टर काही महिने बघायला सांगतात. ती टाळाटाळ नसते, ती तपासणीच असते.

घड्याळ चालू आहे

नस वाढते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर. तिकडे नस तुटलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होऊ लागतो. सगळा हिशेब या दोन आकड्यांचा आहे. तीन महिन्यांनंतरही बोटांसकट अख्खा हात लुळाच असेल, तर सर्जन सहसा फार थांबत नाहीत. बोटं हलतात पण कोपर वाकत नाही, अशा बाळासाठी तीन ते नऊ महिन्यांच्या मधला नेमका कोणता मुहूर्त धरायचा, यावर मात्र तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. टोरांटोच्या डॉक्टरांची 'बिस्किट टेस्ट' प्रसिद्ध आहे. नऊ महिन्यांच्या बाळाच्या त्या हातात बिस्किट द्यायचं, दंड अंगालगत धरायचा. मान फारशी न वाकवता बिस्किट तोंडापर्यंत गेलं, तर बाळ पास!

ऑपरेशनमध्ये बहुतेकदा पोटरीतली संवेदना नेणारी नस काढून मानेतल्या तुटलेल्या जागी जोडतात. तिथे पायाचा एक पट्टा थोडा बधिर होतो, चालण्यावर परिणाम होत नाही. रिझल्ट मात्र लगेच दिसत नाही, महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. थोडक्यात, 'थांबून बघू' म्हणणं हाही एक निर्णयच आहे. तो विचारपूर्वक घ्या, आपोआप होऊ देऊ नका.

खांद्याचं गणित वेगळं

मूल दोन-तीन वर्षांचं झालं की दुसरा प्रश्न येतो. हात आत वळवणारे स्नायू जोरकस, बाहेर वळवणारे दुबळे. या ओढाताणीत खांद्याच्या वाटीचा आकारच बिघडू शकतो. घास तोंडाशी नेताना कोपर तुतारीवाल्यासारखं वर जातं. व्यायाम आणि बोटॉक्सनं भागलं नाही, तर स्नायूचा स्नायुबंध हलवून बाहेर वळण्याची ताकद देतात. मोठ्या मुलांमध्ये दंडाचं हाड कापून फिरवतात. पण इथे फुकट काही मिळत नाही. हात डोक्यामागे पोचायला लागला, तर पोटाकडे वळायला कमी पडू शकतो. वेणी जमेल, पण पॅण्टचं बटण अडेल. उजव्या हातानं जेवणाऱ्या आपल्या घरांत तर हा हिशेब आधीच करायला हवा.

घरातली मीटिंग

आजी म्हणणार, 'मालिश करा, मोठी झाली की येईल हात.' मायेपोटीच म्हणते ती. पण मालिशवालीनं हात ओढणं नको. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले हलके व्यायाम दर वेळी लंगोट बदलताना करा, तेही दोघांनी. आणि 'कुणामुळे झालं' हा विषय निर्णयाच्या टेबलावर आणूच नका. त्यानं बाळाचं कोपर वाकणार नाही.

डॉक्टरांना हे विचाराच

• नस ताणलीय की तुटलीय? कशावरून?
• अजून थांबलो तर काय गमावू?
• ऑपरेशननंतर कोणती हालचाल वाढेल आणि कोणती कमी होईल?
• अशी किती ऑपरेशनं तुम्ही केली आहेत?
• दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतलं तर चालेल ना?

शेवटचा प्रश्न विचारताना अवघडू नका. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही.

हात शंभर टक्के नॉर्मल होईल, असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा. ध्येय असतं जास्त उपयोगी हाताचं. नसांच्या ऑपरेशनच्या वेळी बाळाला विचारता येत नाही, ते ओझं तुमचंच. पण सात-आठ वर्षांच्या मुलीचा खांदा वळवायची वेळ आली, तर आधी तिला विचारा, 'तुला या हातानं काय करायचंय?' पोहायचंय, सायकलचं हॅण्डल धरायचंय की आपली वेणी आपण घालायचीय? ती जे सांगेल, ते पुढच्या अपॉइंटमेण्टच्या कागदावर सगळ्यात वर लिहा.