जलसंजीवनीतली शिरगणती

उन्हाळा तापू लागला की ‘इलेक्ट्रोलाइट्सयुक्त’ पेयांच्या जाहिरातींना ऊत येतो. पण जुलाबावरच्या जलसंजीवनीच्या पाकिटात सर्वांत जास्त काय असतं? ग्लुकोज. एक लिटरच्या पाकिटात साडेवीस ग्रॅम पूड, त्यातलं साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज. आणि ग्लुकोज काही इलेक्ट्रोलाइट, म्हणजे पाण्यात विरघळून वीज वाहू देणारा पदार्थ, नाही. मिठाच्या पाण्याने शाळेच्या प्रयोगशाळेतला बल्ब लागतो, ग्लुकोजच्या पाण्याने लागत नाही. मग ते तिथे कशाला?

याचं उत्तर शोधताना मला फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथले रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स्वा-मारी राउल्ट आठवतात. 1880 च्या दशकात हा माणूस चिकाटीने एकच काम करत होता: पाण्यात पदार्थ विरघळवायचा आणि ते किती अंशांना गोठतं ते मोजायचं. साखर, युरिया, अल्कोहोल, काहीही घ्या. रेणूंची संख्या सारखी असेल, तर गोठणबिंदू सारखाच उतरतो. लिटरभर पाण्यात एक मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) म्हणजे साधारण 1.86 अंश. थर्मामीटर जणू कणांची शिरगणती करत होता. कोण किती वजनाचा, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मीठ मात्र हिशेबात बसेना. तेवढ्याच मोलला ते जवळजवळ दुप्पट घसरण दाखवी!

1887 मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी उलगडा केला. विरघळताच मिठाचे दोन आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सुटे होतात, म्हणून डोकी दुप्पट भरतात. अऱ्हेनियसना 1903 चं नोबेल मिळालं. राउल्ट 1901 मध्येच वारले. आयनांच्या सिद्धान्ताला भक्कम आधार दिला तो त्यांच्या मोजमापांनी, आणि हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं.

आता हीच शिरगणती पाकिटाला लावू. साडेतेरा ग्रॅम ग्लुकोजचे कण भरतात 75 मिलिमोल. फक्त 2.6 ग्रॅम मिठाचे मात्र सुमारे 89! पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट धरून एकूण 245. रक्तात हा आकडा 290 च्या आसपास असतो. द्रावण रक्तापेक्षा पातळ, म्हणून पाणी आतड्यातून शरीरात ओढलं जातं. ग्लुकोजचं काम याहून खास आहे. आतड्याच्या पेशीत शिरताना ते सोडियमला बरोबर घेऊन जातं आणि मागोमाग पाणी जातं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली. जुलाबातही ही वाट शाबूत राहते.

म्हणून बाटलीवर ‘इलेक्ट्रोलाइट’ छापलंय एवढ्याने भुलू नका. आत साखर किती, तेही वाचा. आणि लिटरभर पाण्याचं पाकीट अर्ध्या लिटरात कधीच कालवू नका. 245 चे 490 होतात, मग पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात.