माडाची जखम भरत नाही

माणसाच्या त्वचेवरची जखम भरून येते. आंब्याच्या खोडावरची जखमही कडेने हळूहळू झाकली जाते. माडाच्या खोडाला चढण्यासाठी पाडलेली खाच मात्र तो उभा असेपर्यंत तशीच राहते.

कारण आहे जलवाहिन्यांच्या घडणीत. मुळांतले पाणी पानांपर्यंत नेणाऱ्या या पेशी आधी लांबट होतात. मग त्यांच्या भित्तिकांवर लिग्निन या कठीण द्रव्याचा थर चढतो आणि पेशी मरतात. उरतात त्या पोकळ नळ्या.

आंबा, साग यांच्या सालीखाली सतत विभागणाऱ्या पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नव्या जलवाहिन्या घडवत राहतो. त्यांचेच लाकूड बनते. जखमही हाच थर झाकतो.

गवत, केळ आणि माडात हा थर नसतो. माडाच्या खोडात सुरुवातीला तयार झालेल्या नळ्यांवरच त्या भागाला आयुष्यभर भागवावे लागते. उघड्या खाचेतून बुरशी शिरते, सोंड्या भुंगा तिथे अंडी घालतो.

म्हणून माडावर कोयता चालवू नये. चढायला शिडी किंवा यंत्र वापरावे.