हनोईच्या छत्तीस गल्ल्या : पाटी राहते, कारागीर जातो

व्हिएतनामची राजधानी हनोई. तिच्या जुन्या बाजारपेठेला 'छत्तीस गल्ल्या' म्हणतात. तिथल्या बऱ्याच गल्ल्यांच्या नावात पहिला शब्द 'हांग' असतो. हांग म्हणजे माल. हांग बाक म्हणजे चांदीचा माल, हांग थियेक म्हणजे कथलाचा, हांग लुओक म्हणजे फण्यांचा. पुण्यात तांबट आळी, बोहरी आळी आहे, तसाच हा प्रकार.

आमच्या घरी पत्र्याच्या पेट्या, डबे बनवण्याचे काम चालते. बाजारातले जुने, अरुंद दुकान विकावे की ठेवावे, यावर घरात वर्षभर वाद आहे. मुलगा विका म्हणतो. अशा स्थितीत आम्ही, मुलांची अम्मी आणि दोन्ही मुले एका जुम्म्याच्या दिवशी या गल्ल्यांत फिरलो. पाहिले ते धंद्याच्या नजरेने मांडतो.

कावडीवरचे दुकान

सकाळी फुटपाथ हेच हॉटेल असते. गुडघ्याएवढी प्लास्टिकची स्टुले, एक शेगडी, एक पातेले. खांद्यावर कावड घेतलेल्या बाया फळे, भाजी, खाऊ विकतात. बहुतेक फेरीवाला एकच पदार्थ विकतो. त्यामुळे भांडवल थोडे लागते, माल उरत नाही आणि त्या एका पदार्थात हात बसतो.

'फो' हा तिथला प्रसिद्ध पदार्थ. गोमांसाच्या हाडांच्या रश्शात तांदळाच्या शेवया. रश्शातल्या चक्रीफुलाचा, दालचिनीचा वास आम्हाला ओळखीचा वाटला. चक्रीफुलाचे मोठे पीक त्याच देशाच्या लांग सोन प्रांतात निघते, आणि आपले मसाल्याचे व्यापारी हा माल तिथून मागवतात. परंतु जबिहाची खात्री नाही, शिवाय डुकराचे मांस व चरबी सर्रास वापरतात. म्हणून तो खाल्ला नाही. जाणाऱ्यांनी एक शब्द लक्षात ठेवावा : 'चाय'. पाटीवर तो दिसला तर चहा समजू नये. तिथे त्याचा अर्थ शाकाहारी जेवण.

मुलांना अंड्याची कॉफी आवडली. १९४६ साली दुधाची टंचाई होती, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान ज्यांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. आज त्यांचे कुटुंब त्याच कॉफीवर दुकान चालवते. अडचणीतून माल निघाला तो असा.

नळीसारखी घरे

या गल्ल्यांतील घरे समोरून दोन-तीन मीटर रुंद आणि आत खूप खोल. पुढे दुकान, मागे कारखाना, त्यामागे बिऱ्हाड. पूर्वी एकेका गावचे कारागीर एकेका गल्लीत येऊन बसले. कच्चा माल एकत्र आणणे सोपे, गिऱ्हाइकाला दहा दुकाने पाहून निवडणे सोपे. सरकारी बंधनांच्या काळात खाजगी धंदा दबला होता. १९८६ सालच्या 'दोई मोई' या नव्या आर्थिक धोरणानंतर तो पुन्हा उघडला.

पण सगळे टिकले नाही. हांग गाय ही एकेकाळी ताग-दोरखंडाची गल्ली, आता तिथे रेशीम विकतात. हांग लुओकमध्ये आता फण्या बनत नाहीत. त्याच गल्लीत, १२ नंबरच्या जागेवर, अल-नूर मशीद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून गेलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी ती उभारली. जुम्म्याची नमाज आम्ही तिथेच अदा केली. ते व्यापारी गेले, त्यांची दुकानेही गेली. वक्फ केलेली जागा मात्र आजही उपयोगी पडते. त्यानंतर एका भारतीय हॉटेलात हलाल जेवण मिळाले.

हातोड्याचा आवाज

दुपारी हांग थियेकमध्ये शिरलो. इथे धंदा बदलला तो कामाला धरून. कथलाची जागा पत्र्याने आणि स्टीलने घेतली, पण कारागीर आजही फुटपाथवर बसून पत्रा कापतो, वाकवतो, ठोकतो. गिऱ्हाईक माप घेऊन येतो आणि काम डोळ्यांसमोर होताना पाहतो. मुलगा एका म्हाताऱ्या कारागिराजवळ बसला. भाषा येत नव्हती. त्याने फोनवर आमच्या पेटीचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याने कोपऱ्यावरच्या जोडावर बोट ठेवले, मान डोलावली आणि आपला जोड दाखवला. तासभर दोघांची जागा हलली नाही.

आपल्यासाठी धडा

गल्लीला नाव असले म्हणून धंदा टिकत नाही. जिथे कारागीर समोर बसून काम करतो आणि काळाप्रमाणे माल बदलतो, तिथे गिऱ्हाईक येते. जिथे तो उठून गेला, तिथे नुसती पाटी उरली. आपल्या मोहल्ल्यांतही असे झाले आहे. दुकान विकण्याआधी इतके जरूर पाहावे, की आपले काम लोकांना दिसते आहे काय?

आमच्या दुकानाचा निर्णय अजून झालेला नाही. मात्र परत आल्यावर मुलाने हातोडा आणि सामान मागच्या खोलीतून काढून दुकानाच्या दारात मांडले आहे.